वाकड्या मोहाखालचा खराटा

फाल्गुन लागला की आमच्या कॉलनीत पाठीवर यंत्र अडकवलेला एक माणूस येतो. यंत्राला लांब नळी असते आणि नळीतून वारा येतो. फाटकापासून भिंतीपर्यंत तो बदामाची पानं उडवत नेतो, आणि संध्याकाळी खरा वारा सुटला की त्यातली निम्मी पानं भिंतीपासून फाटकापर्यंत परत येतात. तरी सगळे खूश असतात. गॅलरीत उभे राहून बघतात, काय मशीन आहे म्हणतात. मी मात्र खिडक्या लावून घेतो. बायको विचारते, धुळीसाठी लावता की आवाजासाठी? मी धूळ म्हणतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला दिलेलं नाही.

खरं उत्तर असं, की असलं यंत्र आमच्या भागात पहिल्यांदा मी आणलं. निदान माझ्या माहितीत तरी मीच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ते पाठीवर मावत नव्हतं, ट्रॅक्टरच्या मागं बांधावं लागायचं. आणि ते निवडण्यात मी जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी पुढं आयुष्यात कशातच केली नसेल. अक्कल नको तिथं खर्च झाली की माणूस किती नुकसान करतो, ते मला विचारा.

मुलचेऱ्याच्या वाटेवर, जंगलाला टेकून, एका लाकूड व्यापाऱ्याचं भलंमोठं आवार होतं. लिलावात घेतलेला साग तिथं आणून रचायचे. ओंडक्यांचे चट्टेच चट्टे, मधून ट्रॅक्टर जाईल एवढ्या वाटा, आणि चहूबाजूंनी तारेचं कुंपण. मी तिथं सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा चोविशीत होतो. पायात बूट होते, खिशात दोन पेनं होती. मालकांना सगळे मालकच म्हणायचे, मीही म्हणायचो. पुढं कुठं तो शब्द तोंडात आला की अजून कडवट चव येते.

कुंपणाच्या आत उभे सागही बरेच होते, आणि अकरा मोह. मोह कुंपणापेक्षा म्हातारे. आवार नंतर झालं, तार नंतर आली, झाडं आधीची. माघ सरता सरता साग आपली पानं सोडायला लागायचा. सागाचं पान नुसतं पडत नाही, आपटतं. कोणीतरी अंगणात सूप टाकावं तसा आवाज होतो. दिवसभर असे सुपांचे आवाज, आणि पायाखाली गुडघ्याएवढा कुरकुरीत थर. वाळक्या पानांत एक बिडी पडली तर वर्षाची कमाई राख. म्हणून मालक पानगळीला शत्रू मानत.

त्या शत्रूशी लढायला अकरा बाया यायच्या. शेजारच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बहुतेक गोंड. हातात बांबूच्या काड्यांचे लांब खराटे. सकाळच्या थंडीत त्या एका ओळीत झाडत निघाल्या की अकरा खराट्यांचा एकच आवाज व्हायचा. तो आवाज किती सुंदर होता हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याची शिसारी यायची. त्यालाही कारण होतं.

मी सावली गावचा. आमचं घर बुद्धाचं झालं तेव्हा माझ्या बापानं घरातला गावझाडणीचा खराटा नेऊन वैनगंगेत टाकला होता. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्या घरी ती इतक्या वेळा सांगितली गेली की मला तो खराटा वाहत जाताना डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसतो. माझी आजी त्या खराट्यानं दुसऱ्यांचे रस्ते झाडायची. बाप म्हणायचा, "माह्या लेकरानं झाडू हाती धरला तं मले तोंड नाई दाखवायचं." आई आतून म्हणायची, "मंग घर काय तोंडानं झाडू?" आणि सगळे हसायचे. पण आई घर झाडायची ती बाप बाहेर गेल्यावर. केरसुणी दाराआड, नजरेआड. अशा घरातून मी आलो होतो. माणसाच्या हातात खराटा दिसला की मला एकच दिसायचं, गुलामी.

त्या ओळीच्या टोकाला तानाबाई असायची. वय असेल पन्नाशीचं. काळी, बारकी, डोळे सतत काहीतरी गंमत बघितल्यासारखे. पहिल्याच आठवड्यात मी तिला बापाची गोष्ट सांगितली. का सांगितली? मोठेपणा, दुसरं काय. ती शांतपणे खराट्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "नदीत टाकला? चांगलं केलं बाबू. त्याचा झाडू व्हता, त्यानं टाकला." आणि पुन्हा झाडायला लागली. मला वाटलं, हिला कळलं नाही.

त्या वर्षी एका चट्ट्याला आग लागली. फार नव्हती, दुपारीच विझली. पण मालक हादरले. माझ्याकडं एक शेतीचं इंग्रजी मासिक होतं, कुणाच्या रद्दीतून आणलेलं. त्यात परदेशातल्या एका बागेचं चित्र होतं. ट्रॅक्टरमागं मोठा पंखा, पंख्यापुढं पळणारी पानं, आणि स्वच्छ हिरवं मैदान. मैदानात एकही बाई नाही, एकही खराटा नाही. मी ते चित्र मालकांपुढं ठेवलं. ते म्हणाले, "ट्रॅक्टर तं आपला हायेच. पाह्य कुठी भेटते तं." पुढच्या पानगळीच्या आधी यंत्र आणायचं, आणि निवडायचं मी. छाती दोन इंच फुगली.

थंडीत वडशाला, राइस मिलच्या गावी गेलो. सोबत गोणीभर वाळकी सागाची पानं घेतली. ज्याला झाडायचं तेच नेऊन दाखवावं, असा माझा शास्त्रीय विचार. एसटीत एकानं विचारलं, "वडशाले पानं विकाले चालला का भाऊ?" आख्खी गाडी हसली. मीही हसलो. मला माझ्या कामाचा एवढा अभिमान होता की चेष्टाही गोड लागत होती.

हमीदभाईंचं वर्कशॉप स्टेशनाच्या मागच्या अंगाला होतं. राइस मिलची मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वर्कशॉपच्या भिंतीवर नाटकांच्या जाहिरातींचे थरावर थर चिकटवलेले. वडशात ते दिवस नाटकांचे. बाहेरून भोंगा लावलेली जीप जायची, आणि भोंगा लांब जाईपर्यंत आम्ही बोलणं थांबवून एकमेकांकडं बघत बसायचो.

पर्याय तीन होते. पहिला, धान उफणायचा मोठा पंखा, ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरणारा. हमीदभाई म्हणाले, "ह्याले एका जागी उभं राहा लागते बाबू. पानं काय चालत येतील का तुमच्याजवळ?" दुसरा, नागपूरकडं संत्र्याच्या बागेत औषध फवारायला वापरतात तो. त्याचा वारा जोरदार, पण तोंड आभाळाकडं. "ते झाडावरची पानं हलवन. खालच्याचं काय?" तिसरा पर्याय त्यांनी मागच्या ढिगाऱ्यात हात घालून दाखवला. बंद पडलेल्या राइस मिलमधला कोंडा फेकायचा ब्लोअर. गोगलगायीच्या शंखासारखा लोखंडी डबा, आत पंखा. तो ट्रॅक्टरच्या मागं उचलून बांधायचा, मागच्या फिरत्या दांड्याला जोडायचा, मध्ये गिअरपेटी बसवून वेग वाढवायचा. तोंड जमिनीलगत, आडवं, रुंद. अरुंद तोंडाचा वारा चाबकासारखा लागतो पण एक पट्टाच साफ करतो, आणि सागाच्या एवढ्या मोठ्या पानाला जोरापेक्षा वाऱ्याचा लोट हवा. हे सगळं त्यांनी मला माझ्याच गोणीतली पानं उडवून दाखवलं. आमची चांगली गट्टी जमली.

ठरलं. मग ते म्हणाले, "तोंडाले एक झडप लावून देतो. दोरी ओढली का हवा बंद. जिथी उडवायचं नाई तिथी कामी पडते."

मी म्हटलं, "उडवायचं नाही असं काय आहे तिथं? सगळंच साफ करायचं आहे."

"तुमी म्हनता तं ठीक. पन झाडायवाल्या बाईचा हात थांबते बाबू. मशीनले हात नाई."

"झडपेला किती दिवस लागतील?"

"चार-सहा रोज तं लागन."

मला घाई होती. झडप नको म्हटलं. निघताना त्यांनी विचारलं, "बायका किती हायेत झाडाले?" अकरा, मी सांगितलं. "मंग त्या काय करतीन आता?" मी म्हटलं, "झाडूतून सुटतील, हमीदभाई." ते हातातला पाना पुसत राहिले. म्हणाले, "सुटतीन तं कुठी जातीन?" नेमकी तेव्हा भोंग्याची जीप परत आली, आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही.

यंत्र सुरू झालं तो दिवस मी कसा विसरेन? ट्रॅक्टर मीच चालवला, ड्रायव्हर घाबरत होता. मी दांडा लावला, घरघर वाढत वाढत शिट्टीवर गेली, आणि पानांची भिंतच्या भिंत उठून बाजूला पळायला लागली. धुळीनं आकाश लाल. माकडं ओरडत झाडाच्या शेंड्याला गेली. बाया तारेपाशी उभ्या, तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. ज्या कामाला त्या अकरा जणींना पंधरवडा लागायचा, ते मी तीन दिवसांत केलं. मालक चट्ट्यावर चढून बघत होते. मला वाटत होतं, सावलीहून बापाला बोलावून आणावं आणि हे दाखवावं.

तिसऱ्या दिवशी शेवटी मोहांखालची जागा केली. प्रत्येक मोहाच्या बुंध्याला एकेक खराटा टेकवून ठेवलेला. अकरा मोह, अकरा खराटे. मला वाटलं, काम गेलं म्हणून बाया टाकून गेल्या. मी एकेक उचलला, ट्रॉलीत टाकला, नाल्यापलीकडं पानं जाळायचा खड्डा होता तिथं नेऊन पेटत्या पानांवर ठेवला. बांबूच्या काड्या तडतडल्या. मी उभा राहून पाहिलं. माझ्या बापानं एक टाकला होता, मी अकरा जाळले, हा हिशेब मी मनात केला होता. लाज वाटते, पण केला होता.

संध्याकाळी तानाबाई आली. "बाबू, माहा खराटा कुठी हाये? वाकड्या मोहापाशी ठेवला व्हता."

मी हसून म्हटलं, "जाळला बाई. आता तुम्हाला झाडू धरायचं काम नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वाकड्या मोहापर्यंत गेली, बुंध्याला हात लावून उभी राहिली, आणि गेली. मला वाटलं, तिला भरून आलं. आज हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मला माहीत नव्हतं. हे मी सफाई म्हणून सांगत नाही, माहीत करून घेतलं नव्हतं म्हणून सांगतो. मागच्या चैत्रात त्यांना मोह वेचताना मी पाहिलं होतं, पण कोणतं झाड कुणाचं आणि का, ते कधी विचारलं नव्हतं. आमच्या सावलीकडं मोह शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर असतात. ज्याचं शेत, त्याचा मोह. इथं तसं नव्हतं. इथं फाल्गुनात ज्या घरची बाई मोहाखालचं झाडेल, त्या घरचा त्या वर्षीचा मोह. झाडून झालं की आपला खराटा बुंध्याला टेकवून ठेवायचा. मग त्या झाडाखालच्या फुलाला दुसरं कोणी हात लावत नसे. ना सही, ना शिक्का. खराटा हाच कागद. तानाबाईच्या सासूनं वाकडा मोह झाडला होता, त्याआधी तिच्या सासूनं. मग आवार झालं, तार आली, तरी बाया आवार झाडता झाडता आपापला मोह झाडून घ्यायच्या, आणि जुने मालक, आताच्या मालकांचे वडील, त्याकडं बघत नसत. खरं तर त्या झाडायला यायच्या त्या मोहासाठीच. मोहाची फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यात घरातलं धान्य संपल्यावर तीच शिजायची. श्रावणात चूल पेटेल की नाही, ते फाल्गुनातल्या खराट्यावर ठरायचं.

चैत्र लागला. सकाळी मोहाचा तो जडशीळ गोड वास आवारभर. उजाडताना फुलं टपटप पडायची, माझ्या यंत्रानं चकाचक केलेल्या जमिनीवर, एकेक वेचून घ्यावं अशी. बाया टोपल्या घेऊन फाटकाशी आल्या. फाटक बंद होतं. मालकांनी यंदा मोह वेचायला बाहेरचा ठेकेदार लावला होता.

तानाबाई पुढं झाली. "जो झाडते त्याचा मोहा, मालक. तुमच्या बापाच्या आदीपासून हेच चालत आलं."

मालक रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "बरोबर हाये बाई. मंग यंदा कोनं झाडलं?" आणि माझ्याकडं वळले. "तू सांग. तू व्हता तिथी. बायकांनी झाडलं का मोहाखाली?"

"आमी झाडलं व्हतं," तानाबाई म्हणाली. "खराटे ठेवले व्हते. बाबूले माहीत हाये."

आता मला सगळं कळलं. एका क्षणात कळलं. बायांनी आधी एकदा झाडलं होतं, खराटे ठेवले होते. त्यावर पुन्हा पानं पडली, ती मी उडवली. खराटे मी पाहिले होते, माझ्या हातांनी उचलले होते. फक्त एवढं सांगायचं होतं, की होय मालक, खराटे होते. अकरा होते. पण मालक माझ्याकडं बघत होते, माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि मी शिकलेला माणूस असल्यामुळं मला खोटं न बोलता खोटं बोलता येत होतं.

मी म्हटलं, "मशीननं झाडलं, मालक."

"झालं तं मंग," मालक म्हणाले. "मशीन माहं."

बाया ओरडल्या, एकीनं शिव्या दिल्या, दुसरी रडायला लागली. तानाबाई रडली नाही. तारेच्या पलीकडून म्हणाली, "तुह्या बापानं सोताचा झाडू फेकला बाबू. तुनं माहा फेकला." एवढंच बोलून टोपली डोक्यावर पालथी घालून ती टोल्याकडं चालू लागली. त्या पावसाळ्यात त्या टोल्यावर काय शिजलं ते मी पाहायला गेलो नाही. मी कायम झालो होतो, कामं वाढली होती.

इथंच संपलं असतं तर मी म्हटलं असतं, चोविशीतला गाढवपणा. पण पुढचा फाल्गुन आलाच. सागांनी पानं सोडली, मी यंत्र जोडलं. वाकड्या मोहाजवळ आलो तर तारेपलीकडं तानाबाई उभी. हातात नवा खराटा. वर्षात तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांतली गंमत गेली होती. मी ट्रॅक्टर थांबवला, पण पंखा फिरतच होता. त्या आवाजावरून ती ओरडली, "बाबू, येवढं एक झाड सोड. मी झाडतो. मालकाले काई दिसत नाई तिथून."

खरंच दिसत नव्हतं. मधे चट्टा होता. अकरातलं एक झाड. मला फक्त तेवढ्या जागेवर वारा बंद करायचा होता.

मी म्हटलं, "हे बंद करता येत नाही बाई. झडप नाही याला."

पायाशी दांडा सोडवायची कळ होती. ती ओढली की पंखा थांबतो. नाहीतर ट्रॅक्टर नुसता डावीकडं वळवायचा. तिला ट्रॅक्टरमधलं काही कळत नव्हतं, तरी ती म्हणाली, "मंग वळव ना बाबू." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि सरळ गेलो. तिच्या मोहाखालची पानं उठली, तारेवर जाऊन आपटली, काही तिच्या अंगावर. ती बाजूला झाली नाही. पानं खाली पडेपर्यंत तशीच उभी होती.

पुढं दोन-चार वर्षांत गिअरपेटी गेली, पंख्याची पाती झिजली, यंत्र शेडमागं गंजत पडलं. मालकांनी आवार विकलं. मी शहरात आलो. बाप गेला तेव्हा लोक त्याच्याबद्दल बोलायला उभे राहिले, नदीत टाकलेल्या खराट्याची गोष्ट कुणीतरी सांगितली, टाळ्या पडल्या. मीही बोललो. माझ्या खराट्यांबद्दल काही बोललो नाही.

आज सकाळी मी खिडकी लावली नाही. खाली उतरलो. तो माणूस बदामाखाली पानं उडवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन हात वर केला. त्यानं नळीवरचा अंगठा नुसता उचलला, आणि वारा थांबला. एवढ्यानंच थांबला. उडालेली दोन पानं हळूहळू खाली आली.

"काय झालं काका?" त्यानं विचारलं.

वर गॅलरीत लोक बघत होते. माझी बायकोही होती.

"काही नाही," मी म्हटलं. "चालू दे."